विमोनताईचं गुलाबी दूध

शवपेटीपुढचं ताट पाहिलं आणि प्रयोंगच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

हातसडीचा भात, उकडलेला भोपळा, माशाचं पांचट पाणी आणि पेलाभर सोयाबीनचं दूध. तेही बिनसाखरेचं. तुकनं दुधाचा खोकासुद्धा ताटाशेजारी मांडून ठेवला होता आणि त्यावरची 'साखर नाही' ही अक्षरं मंडपाच्या दारातून वाचता येत होती. जणू आई पेटीतून उठणार, चष्मा लावणार, खोका वाचून खात्री करणार आणि मगच पेल्याला हात लावणार.

विमोनताईला जाऊन पाच दिवस झाले होते. रोज संध्याकाळी दुकान आवरून प्रयोंग विहारात येई, भंत्यांचं पठण संपेपर्यंत हात जोडून बसे आणि घरी जाई. ताट मांडलं जाई ते सकाळी आणि दुपारी, त्यामुळे ते तिच्या नजरेला पडलंच नव्हतं. आज दहन म्हणून तिनं दुकान बंद ठेवलं, ठेवणीतले काळे कपडे घातले आणि लवकर आली, तर हे असं. म्हणजे इतके दिवस त्या बाईला हे खायला घालत होते! प्रयोंगला वाटलं, आजाऱ्याला पथ्य असतं, कैद्याला शिक्षा असते, मेलेल्याला हे कशाबद्दल?

तुक पेटीजवळ गुडघ्यांवर बसली होती. विमोनताईची एकुलती एक मुलगी, बँकॉकला विमा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. तिनं एकच उदबत्ती लावली, पेटीच्या लाकडावर बोटांनी टकटक केलं आणि हलक्या आवाजात म्हणाली, "आई, जेवायला ये." उदबत्ती जळते तोवर गेलेला माणूस जेवतो. हाक मात्र घरच्याच माणसानं मारायची असते. परक्यानं कितीही पेटी वाजवली तरी आतला माणूस उठत नाही.

गप्प बसेल तर ती प्रयोंग कसली.

"तुक, पोरी, आईचं दूध कुठाय?"

"हे काय, ठेवलंय की मावशी."

"हे? ह्याला दूध म्हणतेस? तिचं गुलाबी दूध कुठाय?"

तुकनं मान वर केली नाही. "आईला साखर चालत नाही."

मागं प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बाजारातली माणसं बसली होती, त्यांच्यातलं कुणीतरी फिसकन हसलं. प्रयोंगला हसू आलं नाही.

"अगं, आता कसली साखर वाढायचीय तिची? चार वाजता तिला आगीत देणार तुम्ही! आता तरी तिच्या आवडीचं मिळू दे की."

"मावशी," तुक शांतपणे म्हणाली, "हे दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी ऐकून घेतलं असतं. तुम्ही नका बोलू."

तुम्ही नका बोलू! प्रयोंगच्या कानशिलावर कुणी हाणल्यासारखं झालं. हीच पोर लहानपणी दुकानापुढच्या बाकावर पाय हलवत बसायची, तोंडाला गुलाबी मिशा लावून घ्यायची आणि त्या प्रयोंगच्याच बाहीला पुसायची. प्रयोंगनं विमोनताईच्या तसबिरीकडे पाहिलं. तसबिरीभोवती फुलांची चक्रं होती, शिवाय विजेच्या पंख्यांना रिबिनी बांधून केलेली हल्लीची चक्रंही होती. त्या सगळ्या थाटात ताई बिचारी संकोचून हसत होती. "थांब, मी आणते," असं तिला तोंडावर सांगून प्रयोंग तिरीमिरीत उठली.

बाजार उन्हात सुस्तावला होता. नदीकडच्या टोकाला वर्षावृक्षाखाली प्रयोंगचं दुकान. तिनं फळ्या काढल्या, स्टोव्ह पेटवला, पाणी ठेवलं. नोम येन म्हणजे नुसतं थंड दूध, पण तिच्या गिऱ्हाइकांना ते गुलाबी दूध म्हणूनच ठाऊक. ग्लासात साला फळाच्या वासाचं लाल सिरप, त्यावर डब्यातलं घट्ट गोड दूध, थोडं कढत पाणी, आणि चमचा ग्लासाला खणखण लागेपर्यंत ढवळायचं. मग काठोकाठ फोडलेला बर्फ. शेवटी वरून बिनगोड दुधाची एक पांढरी धार. ती धार ढवळलेली विमोनताईला खपत नसे. ती खाली उतरत जाताना बघायची आणि मगच पहिला घोट घ्यायचा, असा तिचा नेम होता.

दोघींच्या मध्ये एकच मोठी छत्री होती. अलीकडे प्रयोंगचं दूध-चहा-कॉफी, पलीकडे विमोनताईचे मोगऱ्याचे हार. ऊन कललं की ताई सुई डोक्यातल्या अंबाड्यात खोचायची आणि म्हणायची, "आण गं माझं." डोळे अधू झाल्यावर देवाचा एक हार सोडला तर ओवणं सुटलं, पण दुपारचं येणं सुटलं नाही. मग तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी साखरेचं दुखणं सांगितलं. तुकनं फोनवर शपथ घातली आणि विमोनताईनं दूध सोडलं. सोडलं म्हणजे सोडलंच. प्रयोंग तिला किती वेळा म्हणाली, "घोटभर घे, इथं कोण बघतंय?" तर ही बाई नुसत्या बर्फाचा ग्लास घेऊन बसायची आणि खडे कडाकडा चावायची. "पोरीला शब्द दिलाय," एवढंच बोलायची. समोर बसून बर्फ चावणाऱ्या माणसाला पाहून प्रयोंगला स्वतःच्या दुकानाची लाज वाटे आणि तुकचा संताप येई. गेल्या पावसाळ्यानंतर तर ताईचं येणंही थांबलं. गुडघे धरलेत, असा निरोप आला होता.

ग्लास दोन्ही हातांत धरून प्रयोंग भर उन्हातून विहारात परतली. बर्फ किणकिणत होता आणि मंडपातल्या माणसांनी माना वळवून पाहिलं. उदबत्ती अजून अर्धी होती. तिनं सोयाबीनचा पेला बाजूला सारला आणि तिथं गुलाबी ग्लास ठेवला.

"आता मार हाक," ती तुकला म्हणाली.

तुक उठली. तिनं ग्लास उचलला. क्षणभर प्रयोंगला वाटलं, पोर नीट मधोमध ठेवतेय. पण तुक मंडपाच्या कडेला गेली आणि तिथल्या चाफ्याच्या बुंध्याशी तिनं ग्लास पालथा केला. दूध मातीत पसरलं, बर्फाचे खडे घरंगळत गेले आणि एक कोंबडी धावत आली.

"ओतलंस?" प्रयोंग पुढं झाली. "आईच्या तोंडचं ओतलंस?"

"ह्यानंच गेली ती." तुक म्हणाली. "रोज रात्री मी फोन करून साखरेचा आकडा विचारायची. गोळ्या घेते, चालते, गोड बंद आहे, तरी आकडा चढलेलाच. मी डॉक्टर बदलले. मी बँकॉकहून यंत्र पाठवलं. आणि ही रोज दुपारी तुमच्याकडं बसून पीत होती! मावशी, लोकांसमोर बोलायचं नव्हतं मला, पण तुम्ही बोलायला लावलंत. माझ्या आईला तुम्ही मारलंत."

 तोंडाला तोंड देण्यात बाजारात प्रयोंगचा हात धरणारं कुणी नव्हतं. आजवर तिला महागडी म्हटलं होतं, तोंडाळ म्हटलं होतं, बर्फच जास्त घालते असंही म्हटलं होतं. खुनी कुणी म्हटलं नव्हतं.

"कोण म्हणतं ती पीत होती?" ती म्हणाली. "कोणी सांगितलं तुला? नाव घे त्याचं!"

"कुणी सांगायला कशाला हवं? माझ्याकडं फोटो आहे." तुकनं फोन काढून तिच्या नाकासमोर धरला.

मागच्या रांगेत ओरापिननं हातपंख्याचा वारा जोरात घ्यायला सुरुवात केली. ओरापिन म्हणजे विमोनताईच्या पुतण्याची बायको, शेजारच्याच घरात राहणारी. "मी आपलं काळजीपोटी काढला हो," ती कुणी न विचारताच म्हणाली. "तुकताई एवढ्या लांब असतात, त्यांना कळायला नको?"

प्रयोंगनं फोटो पाहिला. विमोनताईच होती. दोन्ही हातांत काठोकाठ भरलेला गुलाबी ग्लास, त्यात नळी, चेहऱ्यावर हसू. प्रयोंगनं फोन हातात घेतला, उन्हातून सावलीत नेला, पुन्हा पाहिला. आणि मग तिच्या अंगाची लाही झाली.

"तुक, तुझ्या आईच्या मनगटावर काय आहे?"

"हार आहे. मग?"

"आणि मागं लाल खांब दिसतोय तो कशाचा?"

तुकनं पाहिलं. 

"सांग की! लहानपणी त्याच खांबाला धरून गोल गोल फिरायचीस. राखणदाराच्या देवळीचा खांब आहे तो. आमच्या दुकानाचा राखणदार! इतकी वर्षं त्याला हार तुझ्या आईचा आणि दूध माझं. नळी घालून देतो आम्ही, देवाला काय तोंड लावून प्यायला सांगायचं? ती नैवेद्य घेऊन चाललीय गं. आणि ही शहाणी," प्रयोंगनं ओरापिनकडे बोट केलं, "ह्याच बाजारात जन्मली, स्वतःच्या दारात रोज राखणदाराला लाल सरबत ठेवते, आणि हिला हातात ग्लास दिसला तर नैवेद्य आहे हे कळलं नाही!"

"मला वाटलं, उतरवून घेतल्यावर पीत असतील," ओरापिन पुटपुटली. "नैवेद्य काय, सगळेच पितात नंतर."

"पितात ना," कुणीतरी म्हणालं.

बोलला तो सवांगमामा. म्हातारा तीनचाकी सायकल चालवायचा आणि दुपारी वर्षावृक्षाखालीच गाडी लावून पडायचा. तो खुर्चीतून उठला, टोपी काढली आणि टोपीशीच बोलल्यासारखा बोलला. "तो ग्लास मी प्यायचो. उदबत्ती संपली की ताई देवाची परवानगी मागायची, ग्लास खाली घ्यायची आणि माझ्याकडं आणून द्यायची. म्हणायची, घे सवांग, देवाचं आहे, वाया घालवू नये. एकदा मी म्हटलं, ताई, घोटभर तू घे, देव काही तुझ्या पोरीला फोन करणार नाही. तर तिनं ग्लास नाकाशी धरला, डोळे मिटून वास घेतला, आणि दिला मला. जीभसुद्धा लावली नाही हो."

"तिनं मला सांगितलं होतं," तुक म्हणाली.

आवाज इतका बारीक होता की पुढच्या रांगेलाच ऐकू गेला. "फोटो आला त्या रात्री मी खूप ओरडले. ती म्हणाली, देवाला ठेवते गं, मी पीत नाही. मी म्हटलं, देवाच्या नावावर खपवू नकोस. पुन्हा त्या दुकानाकडं फिरकलीस तर मला फोन करू नकोस, म्हटलं."

प्रयोंगनं फोन तिच्या हातात परत दिला.

"म्हणजे गुडघे धरले नव्हते," ती सावकाश म्हणाली. "म्हणून यायची थांबली. मी इकडं रोज दुपारी रस्त्याकडं डोळे लावून बसायची आणि ती तिकडं घरात बसून होती. चालता येत असून!"

"मावशी, पण मग साखर का उतरली नाही?"

"मला विचारतेस? मी डॉक्टर आहे? रोग होता, झाला. तुला कुणाच्या तरी माथी मारायचा होता, मी सापडले." प्रयोंगचा आवाज आता चढला तो चढलाच. "माझं जाऊ दे. मला खुनी म्हणालीस ते मी गिळीन, माझा घसा मोठा आहे. पण दोन वर्षं तिनं तुझ्यासाठी बर्फ चावला, तुक. दात ठणकायचे तिचे. अख्ख्या बाजारानं पाहिलंय. शेजारी पोरंसोरं दूध पीत असायची आणि ही बाई बर्फ चावत असायची, का तर पोरीला शब्द दिलाय. आणि त्या बाईला तू चोर ठरवलंस! मेल्यावरसुद्धा पथ्याचं ताट ठेवून चोर ठरवलंस!"

हे बोलून झालं आणि प्रयोंगला वाटलं होतं तसं हलकं काही वाटलं नाही. तुक रडली नाही. ती नुसती उभी राहिली, रिकामा ग्लास हातात धरून, आणि तिचा चेहरा हळूहळू असा झाला की प्रयोंगला तो बघवेना. बरोबर बोलली होती ती, अक्षर न् अक्षर बरोबर. तरी बघवेना.

तेवढ्यात वडील भंते आले, मागून पेटी उचलणारी माणसं आली. "चला," भंते म्हणाले, "वेळ झाली."

"थांबा भंते," प्रयोंग म्हणाली. "ती उपाशी आहे."

भंत्यांनी ताटाकडे पाहिलं. "ताट तर मांडलेलं दिसतंय."

"ते तिचं नाही."

भंत्यांनी प्रयोंगकडे पाहिलं, तुककडे पाहिलं, चाफ्याच्या बुंध्याशी चोच मारणाऱ्या कोंबडीकडे पाहिलं. मग ते खुर्चीवर बसले आणि चीवर सावरून घेतलं. "मला घाई नाही," ते म्हणाले. "तिला तर नाहीच नाही."

आता सगळे प्रयोंगकडे बघायला लागले. सवांगमामा म्हणाला, "जा की, आण दूध, मी गाडी काढतो." प्रयोंग जागची हलली नाही. का आणावं तिनं? एकदा आणलेलं ह्याच मंडपात कोंबडीपुढं ओतलं गेलं होतं. चारचौघांत तिला खुनी म्हटलं होतं आणि तो शब्द अजून कुणी मागे घेतला नव्हता.

तुकनं ग्लास खाली ठेवला. ताटातला भात, भोपळा, माशाचं पाणी तिनं एकेक करून बाहेर काढलं. तो खोका उचलला, कुठं ठेवावा ते तिला सुचेना, शेवटी स्वतःच्याच पिशवीत कोंबला. मग ती प्रयोंगसमोर आली, फरशीवर बसली आणि हात जोडून तिच्या पायांवर वाकली.

प्रयोंगनं पाय मागं घेतले. "माझ्या पाया पडू नकोस," ती खेकसली. "मी जिती आहे, माझ्याशी उद्या भांडता येईल, परवा भांडता येईल. जन्मभर भांडीन मी तुझ्याशी. तिच्याकडं आजचाच दिवस आहे. मी दूध आणते, पण हाक तू मारायचीस. माझ्या हाकेनं आली असती तर गेल्या पावसाळ्यानंतरच आली असती."

सवांगमामानं म्हाताऱ्या पायांनी गाडी अशी हाणली की प्रयोंगला दांडा धरून बसावं लागलं. दुकानात पाणी अजून कढत होतं. तिनं घट्ट दूध नेहमीपेक्षा जास्त घातलं, मग आणखी घातलं. ढवळताना तिचे डोळे वाहत होते आणि ती मोठ्यानं शिव्या देत होती, तुकला, ओरापिनला, त्या फोनला, आणि एवढा शब्द पाळणाऱ्या विमोनताईलाही. वरची धार सोडताना मात्र तिनं हात स्थिर ठेवला.

परतली तेव्हा मंडपात सगळे तसेच बसून होते. तुकनं नवी उदबत्ती लावून ठेवली होती. प्रयोंगनं ग्लास तिच्या हातात दिला. पांढरी धार नुकती खाली उतरायला लागली होती. तुकनं ती पाहिली, ग्लास जराही न हलवता पेटीपुढं ठेवला आणि बोटांनी लाकडावर टकटक केलं.

 तिनं पुन्हा टकटक केलं. पेटी उचलणाऱ्यांपैकी एकानं खाकरून मान फिरवली. प्रयोंग मागंच उभी होती, हाताची घडी घालून. तिचा राग गेला नव्हता आणि तो जावा असं तिला वाटतही नव्हतं. पण तिनं खाली वाकून तुकच्या पाठीवर हात ठेवला, बराच जोरात ठेवला.

"बोल," ती म्हणाली. "बर्फ वितळतोय."

तुकनं कपाळ पेटीला टेकलं.

"आई, तुझं दूध आलंय," ती म्हणाली. "ये ना गं, पी. मी नाही ओरडणार."